तारीख पक्की, चांदणी कच्ची

नाताळइतका सोयीचा सण दुसरा नाही. त्याला तिथी नाही, अधिक महिना नाही, चंद्र दिसण्याची भानगड नाही. 'यंदा आज की उद्या' म्हणून शेजाऱ्यांशी वाद नाही. 25 डिसेंबर म्हणजे 25 डिसेंबर, पणजोबांच्या पणजोबांनाही ठाऊक असलेली तारीख. तरीही 24 तारखेला संध्याकाळी वसईत पापडीपासून आगाशीपर्यंत कुठल्याही आळीतून चक्कर मारून बघा. शिडीवर एक माणूस चढलेला असतो, खाली तीन माणसं त्याला चार दिशा दाखवत असतात आणि घरातून आवाज येत असतो, "चर्चमध्ये मिस्सेला जायचंय का नाही आज?"

आळशीपणा हे त्यातलं निम्मंच कारण. घरच्या घरी सजावट करायची म्हटली की ज्या वस्तूंशी गाठ पडते, त्यांपैकी एकीलाही 25 तारखेचं सोयरसुतक नसतं. बांबू त्याच्या वेळेने वाळतो, खळ तिच्या वेळेने सुकते, नाचणी मनात येईल तेव्हा उगवते. दिव्यांची माळ मात्र वेळ पाळते. ती पाहुणे फाटकात शिरले की बरोब्बर त्या क्षणी विझते.

चांदणीपासून सुरुवात करू, कारण सगळेच तिच्यापासून करतात आणि तिच्यातच अडकतात. बाजारात जाड कागदाची, घडीची, भोकं पाडलेली चांदणी मिळते. पिशवीतून काढली, उघडली, दिवा सोडला, संपलं. शहाण्याने तीच आणावी. पण बांबू फोडल्याशिवाय ज्याला नाताळ आल्यासारखा वाटत नाही, असा माणूस आमच्याकडे काय किंवा गोव्यात काय, घरटी एक असतोच. घराला रंग काढायचं ठरलेलं असतं नेमक्या त्याच रविवारी तो अंगणात कोयता घेऊन बसतो.

तीन फुटी, म्हणजे 90 सेंटिमीटरच्या चांदणीला दहा कामट्या लागतात. पाच नव्हे, दहा. एक पाचटोकी तारा पुढचा, एक मागचा. दोन्ही टोकाला टोक लावून बांधायचे आणि मध्ये आडव्या काड्या घालून पोट फुगवायचं. नवखा माणूस हमखास पाच कामट्या तासतो, कोयता धुऊन ठेवतो आणि मग पोटाचा विचार करतो. कामटी बोटभर रुंद आणि तीन-चार मिलिमीटर जाड हवी. हिरवा बांबू वाकतो छान, पण वाळताना आक्रसतो आणि आठवड्यात सगळ्या गाठी सैल पडून चांदणी एक पाय खाली सोडून बसते. कडकडीत वाळका घ्यावा, तर वाकवताना पेरापाशी मोडतो. उपाय असा: बांबू वाळकाच घ्यायचा, कामट्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायच्या, सालीची गुळगुळीत बाजू बाहेरच्या अंगाला ठेवायची आणि पेर वाकवायच्या जागी येणार नाही अशा बेताने तुकडे पाडायचे.

ही वाकवायची जागा नजरेने ठरवू नये. नजर सगळ्यांचीच सरळ असते आणि तारे सगळ्यांचेच वाकडे होतात. 90 सेंटिमीटरच्या कामटीवर दोन्ही टोकांपासून 34.4 सेंटिमीटरवर पेन्सिलीने खूण करायची, मध्ये 21.2 उरतात. नियमित पाचटोकी ताऱ्यात रेघा एकमेकींना याच जागी कापतात. ही सुवर्ण गुणोत्तराची कृपा आहे. वेगळं माप असेल तर लांबीला 0.382 ने गुणायचं. दहावीत ज्यांनी भूमितीला शिव्या घातल्या, त्यांना ती अशी डिसेंबरात अंगणात गाठते.

कामट्या एकीवरून-एकीखालून अशा विणत गेलं की पाचवी शिरल्यावर तारा आपला आपण धरून राहतो. मग टोकं बांधायची. बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या अर्धा सेंटिमीटर रुंद पट्ट्यांना तोड नाही. सुतळी दवाने भिजते, वाळते, पुन्हा भिजते आणि शेवटी ढिली होते. बारीक तार घट्ट बसते, पण तिचं टोक नेमकं कागदाच्या बाजूला डोकं वर काढतं. सगळं बांधून झालं की शेजारशेजारच्या टोकांमधलं अंतर मोजायचं. ते पाचही ठिकाणी 55.6 सेंटिमीटर भरायला हवं. एखादं 58 निघालं तर दुसरं कुठलं तरी 53 असणारच. या क्षणी "लांबून काय कळतंय" असं म्हणणारे लोक असतात. लांबूनच कळतं, जवळून बघायला वर कोण जातंय?

आता आडव्या काड्या. 20 सेंटिमीटरच्या पाच, दोन्ही टोकांना बेचकी पाडलेल्या. पुढच्या आणि मागच्या ताऱ्यात कामट्या जिथे कापल्या जातात तिथे, म्हणजे आतल्या पंचकोनाच्या कोपऱ्यांत, त्या बसवायच्या. ओळीने एकीशेजारी एक बसवत गेलं तर सांगाडा पिळतो. एक कोपरा सोडून पुढचा, असं जावं. या कामाला दुसरा माणूस लागतो, कारण पाचवी काडी बसेपर्यंत पहिल्या चार निसटायच्या तयारीत असतात. दुसरा माणूस मिळतो. तो चार काड्या नीट धरतो. पाचवी बसत असताना त्याचा मोबाइल वाजतो, आणि तो उचलतो.

कागदाचे तुकडे 22 लागतात: पुढे पाच त्रिकोण आणि एक पंचकोन, मागे तेवढेच, आणि बाजूंना दहा निमुळते त्रिकोण. प्रत्येकाला चिकटवण्यासाठी दीड सेंटिमीटर जादा कड सोडायची. पतंगी कागदाचे वीस बाय तीस इंची चार ताव हिशेबाने पुरतात. आणावेत सहा. पाचवा फाटायला, सहावा मुलांच्या हातात द्यायला, म्हणजे पहिल्या चारांना ती हात लावणार नाहीत.

चिकटवायला मी खळीच्या पक्षाचा आहे. दोन मोठे चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग कपभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. दुधाळपणा जाऊन पारदर्शक झाक आली की उतरवायची. कृती सोपी आहे, अडचण मैदा मिळवण्यात आहे. नाताळच्या आठवड्यात शेगडीची चारही तोंडं भरलेली असतात, परातीत करंज्यांची कणीक असते, आणि अशा वेळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून दोन चमचे मैदा मागायचा असतो.

"कशाला रे मैदा?"

"खळ करायचीय, आई."

"डिंकाची बाटली मिळते ना दुकानात?"

"ती पतंगीला बरी नाही."

"मग पतंगी लावू नकोस."

या युक्तिवादाला उत्तर नाही. पण कारण आहे. बाटलीतला पांढरा डिंक कागदावर डाग सोडतो आणि पुढच्या वर्षी कामटीवरून खरवडावा लागतो. खळ कागदाला सगळीकडून भिजवते आणि सुकताना कागद ताणून धरते. रात्री सुरकुतलेला त्रिकोण सकाळी ताठ झालेला दिसतो. तोटा एकच. ती आपल्यापेक्षा झुरळांना आणि उंदरांना जास्त आवडते. जुने पुस्तकबांधणीवाले म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद टाकतात. टाकायचं असेल तर ते विष आहे हे लक्षात ठेवून टाकावं आणि ती वाटी पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ देऊ नये. खळ निळसर दिसते हे एका परीने बरंच, कोणी तिला खीर समजत नाही.

दव पडतं त्या भागात, म्हणजे आमच्या वाड्यांमध्ये, काहीजण पतंगीऐवजी जिलेटीन कागद लावतात. दिसतो चकचकीत, पण रात्रीच्या दमटपणाने तो सैलावतो, दुपारच्या कोरड्या उन्हात आवळतो आणि या कसरतीत ज्या दिवशी तो तडकतो तो दिवस सहसा 25 डिसेंबर असतो. पतंगी लावून चांदणी पडवीच्या छपराखाली टांगणं हे मला जास्त पटतं. आंब्याच्या शेंड्यावरच टांगायची हौस असेल तर कागदाऐवजी पातळ प्लास्टिक लावा आणि मागच्या बाजूला बोटभर फट ठेवा, वारा आत शिरला तर बाहेरही पडायला हवा.

मागच्या बाजूचा एक त्रिकोण शेवटी चिकटवायचा. त्यातून दिवा आत जातो. हे विसरून सगळे 22 तुकडे चिकटवून, लांब उभं राहून, कमरेवर हात ठेवून कौतुक करणाऱ्यांची संख्या बरीच आहे.

दिव्याचं मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण इथे सगळ्यांचं चुकतं आणि कोणाला कळत नाही. पूर्वी 60 वॉटचा पिवळा बल्ब सोडायचे. उजेड झकास, पण काचेला हात लावला तर चटका आणि कागद टेकला तर राख. मग लोक झिरोच्या बल्बकडे वळले, जो नावाला झिरो असला तरी 15 वॉटच्या आसपास वीज खातो. आता एलईडी आला. 9 वॉटमध्ये भरपूर प्रकाश, कागद जळायची धास्ती गेली. पण नेहमीच्या एलईडी बल्बचा खालचा अर्धा भाग पांढरं प्लास्टिक असतं, त्यातून प्रकाश येतच नाही. सगळा उजेड समोर पडतो. होल्डर वरून लोंबकळत सोडला की चांदणीचे दोन पाय लख्ख आणि डोकं अंधारात. रस्त्यावरून बघणारा म्हणतो, "वरचा कागद जाड लागलाय." कागदाचा दोष नसतो. काचेच्या बल्बमध्ये पिवळ्या काड्या दिसतात तो फिलामेंटसारखा एलईडी आणावा. चार-सहा वॉटचा पुरतो, चहूकडे सारखा पसरतो. तो बरोबर मध्यभागी राहील असा एका आडव्या काडीला होल्डर बांधायचा. एका बाजूला सरकला तर कामट्यांच्या जाड सावल्या कागदावर पडतात आणि पाचटोकी ताऱ्याच्या पोटात दुसराच काहीतरी प्राणी दिसतो. चांदणीचा भार वायरवर कधीही देऊ नये, दोरी वेगळी आणि वायर वेगळी. वायर होल्डरपाशी जाण्याआधी थोडी खाली झोका देऊन वर न्यावी, म्हणजे दवाचं पाणी झोक्यातून गळतं, होल्डरमध्ये शिरत नाही.

टांगताना वरच्या टोकाला एकच दोरी बांधली तर चांदणी गिरक्या घेते. किनाऱ्यावर रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे सुटतात, दिवसा उलटे खारे वारे. त्यामुळे दिवसभर रस्त्याकडे तोंड करून हसणारी चांदणी ऐन रात्री, पाहुणे यायच्या वेळी, बघायला आलेल्या मंडळींवर रुसलेल्या मुलीसारखी पाठ फिरवून बसते. वरच्या टोकाच्या दोन्ही बाजूंच्या आतल्या कोपऱ्यांना दोन दोऱ्या बांधून वर एकत्र आणायच्या आणि खालच्या पायांपैकी एकाला बारीक दोरा लावून खांबाला अडकवायचा. गिरक्या बंद.

येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याचं वेळापत्रक उलटं मोजावं लागतं. वसईत आणि गोव्यात गोठ्याभोवतीचं हिरवं कुरण नाचणी पेरून करतात, आणि 24 तारखेला तीन-चार इंच गवत हवं असेल तर पेरणी 14-15 तारखेला व्हायला हवी. मूठभर नाचणी रात्रभर भिजवायची, दिवसभर ओल्या फडक्यात बांधून ठेवायची, मग दीड इंच मातीच्या थरावर पसरून वरून भुरभुर माती. कोंब दिसेपर्यंत ओलं गोणपाट झाकायचं, दिसले की लगेच काढायचं. गोणपाट राहिलं तर गवत पिवळं आणि लंबूटांग होतं. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. ओतलं की सगळं बी वाहत एका कोपऱ्यात जातं आणि बेथलेहेमात तेवढ्याच कोपऱ्यात पाऊस झाल्यासारखा दिसतो. घाई करून महिन्याच्या सुरुवातीलाच पेरलं तर नाताळपर्यंत गवत मेंढरांच्या डोक्यावरून जातं आणि मेंढपाळ मानेपर्यंत बुडतात. उशीर झाला असेल तर गहू भिजवून पेरावा, आठवड्यात उभा राहतो. या काळात चिमण्या, कोंबड्या आणि उंदीर यांना पेरणीची बातमी आधीच लागलेली असते, म्हणून वर जाळी घालावी.

डोंगर खाकी कागद चुरगळून करतात किंवा गोणपाट सिमेंटच्या पातळ पाण्यात बुडवून. सिमेंटचा डोंगर भक्कम होतो. इतका भक्कम, की जानेवारीत तो उचलायला तीन माणसं लागतात आणि ठेवायला जागा सापडत नाही.

मूर्तींच्या मापाबद्दल मी काही बोलणार नाही असं म्हणतो आणि तरी बोलतो. घरोघरचा संच वर्षावर्षाने जमत गेलेला असतो. मरिया सहा इंची, योसेफ आठ इंची, उंट चार इंची आणि मुलांनी आग्रहाने उभा केलेला प्लास्टिकचा जिराफ फूटभर. यावर उपाय एकच: लहान मूर्ती मागे उंचावर, मोठ्या पुढे, म्हणजे लांबचं लहान दिसतंय असा आव आणता येतो. संत फ्रान्सिस असिसीकर यांना 1223 साली इटलीत ग्रेच्चो इथे हा प्रश्न पडला नाही, कारण त्यांनी खरा बैल आणि खरं गाढवच उभं केलं. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणी आहे. बैल आणि गाढव यांचा त्या प्रसंगात उल्लेखही नाही. पण ते नसलेला गोठा लावून बघा, पहिला पाहुणाच विचारील, "बैल फुटला का?"

बाळ येशू मध्यरात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायचा नसतो. तोवर तो कपाटात 'नीट' ठेवलेला असतो, आणि नीट ठेवलेल्या वस्तूचं जे होतं तेच त्याचं होतं. रात्री साडेदहाला, ठेवणीतले कपडे घालून, चार माणसं कपाटं उपसताना दिसली तर हे कारण समजावं. डबीवर नाव लिहून ती गोठ्याच्याच छपराखाली मागे ठेवली की काम भागतं. बाळाच्या दर्शनाला येणाऱ्या तीन राजांचा सण 6 जानेवारीला, तोवर त्यांच्या मूर्तींना खोलीच्या दुसऱ्या टोकापासून रोज थोडं पुढे सरकवायचं. मुलांना हे काम फार आवडतं. कधीकधी राजे फ्रिजवरही मुक्काम करतात.

झाडाचं थोडक्यात. सुरूची फांदी मिळाली तर ती ओल्या वाळूच्या बादलीत खोचायची, तळाला दोन विटा घालून, नाहीतर पहिल्याच घंटेच्या वजनाने ती मान टाकते. किनाऱ्यावरची सुरूची झाडं वनखात्याची असतात, त्यामुळे फांदी आपल्या किंवा ओळखीच्याच वाडीतली असावी. सुरूच्या काड्या नाजूक, काचेचे गोळे त्यांना पेलत नाहीत, कागदी चालतात. त्यावर कापूस पसरून बर्फ करण्याची एक प्रथा आहे. पंखा लावून, घाम पुसत बर्फ पसरणाऱ्या माणसाला मी अडवत नाही. फक्त कापूस, पेंढा आणि मेणबत्ती ही तीन एकत्र येऊ देऊ नका एवढंच सांगतो.

आणि दिव्यांच्या माळा. जुन्या माळेत सहा व्होल्टचे चाळीसेक बारीक बल्ब एकामागे एक जोडलेले असायचे. चाळीस गुणिले सहा, म्हणजे घरातल्या वीजपुरवठ्याएवढे व्होल्ट. एक बल्ब सुटला की सगळी माळ काळोखात. भिंतीतल्या प्लगला लावायच्या एलईडी माळाही बहुतेक अशाच ओळीने जोडलेल्या असतात. तुटकी जागा शोधायला लोक एकेक बल्ब हलवत जातात आणि शेवटून दुसऱ्याशी पोचेपर्यंत पहिले चार सैल करून ठेवतात. त्यापेक्षा प्लग काढून मल्टीमीटर घ्यावा, त्यातली डायोडची खूण निवडावी आणि दोन टोकं एलईडीच्या दोन पायांना लावावीत. चांगला असेल तर तो मंद लुकलुकतो. उलटी लावली तर चांगलाही लागत नाही, म्हणून मेला म्हणायच्या आधी टोकं बदलून बघावीत. बदली दिवा त्याच रंगाचा घालायचा; लाल साधारण दोन व्होल्ट घेतो, निळा-पांढरा तीन. आणि "माळेचे तर बारीक दिवे, काय होतंय" म्हणून चालू माळेला हात घालू नये. दिवा बारीक असला तरी वायरीत 230 व्होल्ट पुरेपूर असतात. गोठ्याच्या पेंढ्यात तर मी मोबाइलच्या चार्जरवर चालणारी पाच व्होल्टची तांब्याच्या तारेची माळच लावा म्हणेन.

तीन राजे आले-गेले की आवराआवर. माळ जाड पुठ्ठ्याला दोन्ही कडांना खाचा पाडून गुंडाळायची, सुरुवात प्लगच्या विरुद्ध टोकाकडून, म्हणजे प्लग वर राहतो आणि पुढच्या वर्षी उलगडण्याआधीच क्षणभर लावून माळ जिवंत आहे का ते बघता येतं. चांदणीचा कागद ओल्या फडक्याने भिजवला की खळ सुटते आणि तो सोलून निघतो. पाच आडव्या काड्या काढल्या की सांगाडा सपाट होऊन माळ्यावर भिंतीला लागून उभा राहतो; आडवा ठेवू नये, त्यावर गाद्या येतात. काड्यांची जुडी बांधून तिच्यावर 'चांदणीच्या काड्या' असं ठळक लिहावं. नाही लिहिलं तर फेब्रुवारीत त्या परसातल्या मिरचीच्या रोपांना आधार म्हणून रोवलेल्या सापडतात, आणि मिरच्या लागलेल्या असल्यामुळे उपटताही येत नाहीत.